सुपरहिरोंच्या जगात राज्य कुणाचं, देव कुठला?

या वेळच्या सदरात सुपरहिरो कॉमिक्सबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांची असली तरी बहुतेकांना एकच गोष्ट अडते आहे: लेखकाला जे म्हणायचंच नव्हतं ते राजकारण आणि तो धर्म कथेत येतो कुठून? शेवटचा प्रश्न स्वतःचं कॉमिक काढणाऱ्या विद्यार्थ्यांचा आहे, त्यामुळे त्याचं उत्तर सर्वांत लांबलं आहे.

सुपरमॅनने मनात आणलं असतं तर दुसरं महायुद्ध एका दुपारी थांबलं असतं. मग कॉमिक्समध्ये ते वर्षानुवर्षं कसं चाललं? लेखकांना हे खटकलं नाही का?
— वाचक, सांगली

खटकलं, आणि फार लवकर खटकलं. सुपरमॅन जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे निर्माते, दोघंही क्लीव्हलंडचे, ज्यू स्थलांतरितांची मुलं. त्यांचा सुरुवातीचा सुपरमॅन चांगलाच आक्रमक होता. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो चोपतो, निष्काळजी खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवतो, शस्त्रं खपावीत म्हणून युद्ध पेटवणाऱ्याला सैनिक करून त्याच युद्धात उभा करतो. अशा माणसाने हिटलरकडे काणाडोळा करणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारी १९४०मध्ये ‘लुक’ या नियतकालिकासाठी दोघांनी दोन पानांची कथा केली. तीत सुपरमॅन हिटलरला उचलतो, मग स्टॅलिनला उचलतो आणि दोघांना जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन ठेवतो. युद्ध संपलं. अमेरिका त्या वेळी युद्धात उतरलीही नव्हती. ही कथा नाझींना इतकी झोंबली की एप्रिल १९४०मध्ये एसएस या नाझी संघटनेच्या मुखपत्राने सीगलच्या ज्यू असण्यावर घसरून लेख छापला.

डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि खरी पंचाईत झाली. वाचकांचे भाऊ आणि वडील आघाडीवर मरत असताना कागदावरचा माणूस दोन पानांत युद्ध जिंकतो, हे दाखवणं मेलेल्यांचा अपमान झाला असता. म्हणून फेब्रुवारी १९४२मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत एक युक्ती केली गेली. सुपरमॅन ज्या साध्या माणसाच्या रूपात वावरतो तो क्लार्क केंट सैन्यात भरती व्हायला जातो. डोळ्यांची तपासणी सुरू होते. देशासाठी लढायला मिळणार या उत्साहात त्याची क्ष-किरण दृष्टी नकळत भिंतीच्या आरपार जाते आणि तो समोरच्याऐवजी शेजारच्या खोलीतल्या तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवतो. डॉक्टर शेरा मारतात: अपात्र.

युक्ती सुंदर आहे, पण तिची किंमत नीट पाहा. त्या दिवसापासून ज्याला जग बदलता येतं आणि जो ते बदलत नाही अशा माणसाची कथा सुरू झाली. आपल्या खिडकीबाहेरचं जग आणि कॉमिकमधलं जग सारखं दिसलं पाहिजे ही मासिक चालवण्याची गरज होती. तिचा राजकीय अर्थ आपोआप असा निघाला की व्यवस्था आहे तशी ठेवणं हेच वीराचं कर्तव्य. लेखकांनी ही भूमिका घेतलेली नव्हती. ती छापखान्याच्या वेळापत्रकातून जन्मली.

पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’ मालिकेत याच प्रश्नाला दुसरं उत्तर वापरलं गेलं. हिटलरकडे ‘स्पिअर ऑफ डेस्टिनी’ आहे, म्हणजे क्रुसावरच्या येशूच्या कुशीत खुपसलेला भाला. त्याच्या बळावर नाझींच्या ताब्यातल्या प्रदेशात शिरणारे अतिमानव हिटलरच्या कह्यात जातात, म्हणून कुणी तिकडे फिरकत नाही. कथानकातली फट बुजली, पण ख्रिस्ती जगातली एक पवित्र वस्तू नाझी जर्मनीचं कवच होऊन बसली. ठिगळ कापडापेक्षा जास्त बोलतं ते असं.

नव्या काळातलं उदाहरण २०११चं, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ९००व्या अंकातलं. तेहरानमध्ये निदर्शनं चालू आहेत. सुपरमॅन तिथे जाऊन चोवीस तास नुसता उभा राहतो, एक शब्द बोलत नाही, कुणाला हात लावत नाही. तरी इराणचं सरकार ती अमेरिकेची कृती मानतं, आणि तो अमेरिकी नागरिकत्व सोडायचं ठरवतो. आम्हाला ही छोटी कथा महत्त्वाची वाटते, कारण नुसतं उभं राहणं हीसुद्धा परराष्ट्रनीती ठरते हे तिने उघडपणे मान्य केलं.

‘काल-एल’ या नावातलं ‘एल’ म्हणजे हिब्रूतला देव, म्हणून सुपरमॅन ही मुळात धार्मिक कथा आहे, असं वाचलं. खरं किती?
— वाचक, पुणे

अर्धं. हिब्रूत ‘एल’चा अर्थ देव होतो हे बरोबर. पण १९३९च्या चित्रमालिकेत सुपरमॅनच्या वडिलांचं आणि त्याचं जन्मनाव ‘जोर-एल’ आणि ‘काल-एल’ असं उच्चारलं जात असलं तरी शेवटी रोमन लिपीतलं एकच अक्षर होतं. ‘ई’ आणि ‘एल’ अशी दोन अक्षरं १९४२मध्ये जॉर्ज लाउथर यांच्या सुपरमॅनवरच्या कादंबरीत आली. म्हणजे ज्या स्पेलिंगवर सगळा अर्थ उभा केला जातो ते मूळ निर्मात्यांचं नाहीच.

टोपलीत घालून पाण्यात सोडलेल्या मोझेसशी साम्य मात्र डोळ्यांत भरतं, आणि ज्यू घरांत वाढलेल्या दोन तरुणांना ती कथा ठाऊक नसेल असं म्हणता येत नाही. मराठी वाचकाला तिथे अश्व नदीत सोडलेला कर्ण आठवतो. दोन्ही कथांत जन्मदात्यांनी सोडलेलं मूल परक्या घरी वाढतं, पण मोझेस परत आपल्या लोकांकडे जातो आणि कर्ण जात नाही. सुपरमॅनला परत जायला लोकच उरलेले नाहीत, कारण त्याचा ग्रह फुटला आहे. म्हणून त्याच्यात आपापला धर्म पाहणं सगळ्यांना सोपं जातं. १९९२च्या नोव्हेंबरात त्याच्या मृत्यूचा अंक आला, पुढच्या वर्षी तो परतला, आणि ख्रिस्ती वाचन त्याला आणखी घट्ट चिकटलं.

म्युटंट म्हणजे अल्पसंख्याक, असं एक्स-मेनबद्दल म्हणतात. जातीच्या प्रश्नावर बोलायला हे रूपक मराठीत वापरता येईल का?
— विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

वापरण्याआधी ते रूपक कुठे फाटतं हे पाहायला हवं.

एक्स-मेन हा म्युटंट सुपरहिरोंचा संघ सप्टेंबर १९६३मध्ये आला. म्युटंट जन्मतःच वेगळे असतात, शक्ती बहुधा वयात येताना प्रकट होते आणि समाज त्यांचा द्वेष करतो. १९८१च्या सुरुवातीच्या दोन अंकांत म्युटंटांसाठी छावण्या आणि त्यांना हुडकणारे यंत्रमानव असलेलं भविष्य दाखवलं. त्याच वर्षी मॅग्नेटो हा खलनायक आउशवित्झच्या नाझी छळछावणीत वाढलेला मुलगा होता हे उघड झालं, आणि त्याच्या रागाला इतिहास मिळाला. १९८२मध्ये आलेल्या स्वतंत्र पुस्तकाची सुरुवात दोन कृष्णवर्णीय मुलांच्या हत्येने होते, आणि द्वेष पसरवणारा माणूस धर्मोपदेशक आहे. मुख्य प्रवाहातल्या कॉमिकसाठी हे धाडसाचं होतं.

आता फाटतं ते. एक्स-मेनमधल्या सायक्लॉप्सने डोळ्यांवरचा चष्मा काढला तर डोळ्यांतल्या किरणांनी समोरची भिंत कोसळते. म्हणजे शेजाऱ्याची भीती निराधार नाही, आणि म्युटंटांच्या नोंदणीचा कायदा मागणारा माणूस वाचकाला समंजस वाटू लागतो. ज्यांच्यावर जातीने अन्याय केला त्यांच्या हातात असं काही नव्हतं. चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याने कुणाची भिंत पडणार नव्हती. अस्पृश्यतेतली ‘भीती’ ही सत्ता टिकवण्यासाठी रचलेली होती. ती खरीखुरी शक्ती म्हणून दाखवली की अन्याय करणाऱ्याला कारण मिळतं. लेखकाचा हेतू नेमका उलटा असतानाही हे घडतं.

दुसरं, जात आईबापांकडून येते आणि अख्ख्या वस्तीची असते. म्युटंट मूल साध्या कुटुंबात एकटंच निपजतं आणि ते आईवडिलांपासून लपवतं. त्यामुळे समलिंगी मुलामुलींच्या अनुभवाशी हे रूपक जास्त नीट बसतं, आणि त्या वाचकांनी ते आपलंसं केलंही.

तिसरं, शक्तिमान अल्पसंख्याकांना राज्य मिळालं तर काय होतं? २०१९मध्ये लेखक जोनाथन हिकमन यांनी म्युटंटांना क्राकोआ नावाचं जिवंत बेट दिलं. तीन कायदे: म्युटंट वाढवा, माणसाची हत्या करू नका, ही भूमी पवित्र माना. पाच म्युटंट मिळून मेलेल्याचं शरीर पुन्हा घडवतात आणि एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर एक्स साठवून ठेवलेलं मन त्यात घालतो. मृत्यूच संपला. लगेच धर्म उभा राहिला: ज्यांची शक्ती गेली आहे त्यांना ती परत हवी असेल तर रिंगणात लढत मरायचं आणि नव्या देहात जागं व्हायचं, असा विधी. कॅथलिक श्रद्धेचा म्युटंट नाइटक्रॉलर तो पाहून अस्वस्थ होतो. जन्मावर नागरिकत्व, पवित्र भूमी, संख्या वाढवण्याचा आदेश हे सगळं आपण ज्यांच्या बाजूने उभे आहोत त्यांच्याच तोंडी आलं. वाचकाला कुठे बसावं ते कळेना, आणि आमच्या मते त्या मालिकेचं बळ तिथेच आहे.

जातीवर लिहायचं असेल तर शक्ती पीडितांना देऊ नका. ती व्यवस्थेकडे आहे असं दाखवा.

फँटमला मराठीत ‘वेताळ’ का केलं? आणि काळ्या लोकांच्या जंगलावर एका गोऱ्या माणसाचं राज्य, हे आपण इतकी वर्षं कसं वाचलं?
— वाचक, सावंतवाडी

ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ला अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झाला. आपल्याकडे तो टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून मार्च १९६४पासून घरोघरी गेला. मुळात त्याचं जंगल आशियात कुठेतरी, बंगालशी जुळणाऱ्या नावाचं होतं, आणि त्याच्या पूर्वजांचे वैरी होते ‘सिंग’ चाचे. पूर्वेकडचा खलनायक हवा म्हणून अमेरिकेत बसून सुचलेलं ते आडनाव. भारतात छापताना हे जसंच्या तसं ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून ‘सिंग’चे ‘सिंगा’ झाले, जंगलाच्या नावाचं ‘डेंकाली’ झालं आणि ‘रामा’ नावाच्या खुन्याचा ‘रामालू’ झाला. दोनचार अक्षरांची ही डागडुजी आहे, पण ती करताना संपादकांना मूळ कथेतली वसाहतवादी नजर स्पष्ट दिसली असणार.

‘वेताळ’ हे नाव त्याहून खोल जातं. इंग्रजीत फँटम हे ‘चालणारं भूत’. तो मरत नाही असं जंगलातले लोक मानतात. प्रत्यक्षात बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो. १५३६मध्ये पहिल्याने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि आपण वाचतो तो एकविसावा. म्हणजे मूळ कथेत ती श्रद्धा एका कुटुंबाने चारशे वर्षं जपलेला बनाव आहे. पण कोकण-गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. चालणारं भूत आणि चपला झिजवणारा राखणदार! हे नाव निवडताना कुणी इतका विचार केला असेल वा नसेल, पण त्यामुळे परक्या माणसाचा बनाव मराठी वाचकाच्या मनात देवतेच्या जागी जाऊन बसला. गोऱ्या कातडीचा प्रश्न आपल्याला उशिरा पडला याचं मोठं कारण हे नाव आहे असं आम्हाला वाटतं. जांभळा नाही तर निळा घट्ट पोशाख आणि डोळ्यांवर पट्टी. तो ‘गोरा’ आहे हे विसरायला चित्रानेही मदत केली.

फॉक यांनी पुढे काळाप्रमाणे दुरुस्त्या केल्या. जंगल आफ्रिकेत नेलं, देश स्वतंत्र केला आणि लामांडा लुआगा हा निवडून आलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष उभा केला. पण एक खिळा तसाच राहिला. ‘जंगल पेट्रोल’ या सशस्त्र गस्ती दलाचा सर्वोच्च सेनापती कोण हे पेट्रोललाच माहीत नसतं. हुकूम कार्यालयातल्या तिजोरीत चिठ्ठीच्या रूपाने मिळतात, आणि त्या तिजोरीला खालून गुप्त वाट आहे. चिठ्ठी ठेवणारा हात वेताळाचा. निवडून आलेलं सरकार असताना बंदुका मात्र कुणालाच उत्तर न देणाऱ्या घराण्याच्या हुकमात. लहानपणी तिजोरीचं ते चित्र पाहून अंगावर काटा यायचा. आज त्याच चित्रात घटनेचा प्रश्न दिसतो.

स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती का जमली नाही असं वाटतं?
— वाचक, डोंबिवली

२००४च्या त्या मालिकेत पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईत आलेला मुलगा आहे, धोतर नेसून भिंती चढतो. चित्रं देखणी होती. अडचण शक्तीच्या उगमात झाली. मूळ पीटर पार्करला किरणोत्सारी कोळी चावतो, निव्वळ अपघात. त्याला कुणी निवडलेलं नाही, म्हणून काकांच्या मृत्यूनंतर येणारी जबाबदारी सर्वस्वी त्याची. पवित्रला मात्र एक योगी शक्ती देतो, दुष्टांशी लढण्यासाठी, आणि समोर राक्षस उभा राहतो. एवढ्या एका बदलाने अपघाताचा अवतार झाला. ज्याला देवाने निवडलं त्याला भाड्याची, नोकरीची, चुकीची भीती उरत नाही, आणि स्पायडरमॅन तर त्याच भीतीवर उभा आहे. प्रयोगशाळा, रासायनिक कारखाने मुंबईतही होते. कोळ्याला योग्याची गरज नव्हती.

थॉर खरा आहे, सैतान खरा आहे, स्वर्ग-नरक जाऊन पाहता येतात. अशा जगात लोक चर्चमध्ये कशाला जातात? आणि खरा धर्म कोणता?
— वाचक, नागपूर

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने १९६२मध्ये थॉर आणला तेव्हा नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या प्राचीन देवांची पूजा करणारे वाचक जवळपास नव्हते, म्हणून तो निर्धोक वाटला. पण एक देव खरा ठरला की बाकीच्यांचं काय, हा प्रश्न येतोच. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे सगळे ‘देव’ हे दुसऱ्या मितीतले बलवान जीव, आणि त्या सर्वांच्या वर एक परमेश्वर, जो सहसा दिसत नाही. वरवर हा सर्वसमावेशक वाटतो. नीट पाहिलं तर एकेश्वरवाद्यांचा देव शिखरावर सुरक्षित राहतो, आणि ज्यांचे देव अनेक आहेत त्यांचे ‘बलवान जीव’ होतात, म्हणजे ठोसा मारता येण्याजोगे. हिंदू वाचकाला जी बोच जाणवते ती इथली.

परमेश्वर एकदा दिसला तोही पाहण्यासारखा आहे. २००४मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या ५११व्या अंकात चौघं स्वर्गात पोचतात. तिथे चित्रफलकापाशी एक व्यंगचित्रकार बसलेला, चेहरा थेट जॅक कर्बी यांचा, म्हणजे या पात्रांच्या सहनिर्मात्याचा. तो पेन्सिल घेतो आणि चौघांतल्या रीडच्या चेहऱ्यावरचा व्रण नाहीसा होतो. कॉमिकच्या विश्वाचा कर्ता म्हणून चित्रकारच दाखवणं हे आम्हाला आजवरचं सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं.

खऱ्या श्रद्धेशी गाठ पडली की मात्र संपादक मागे सरतात. १९८९मध्ये ‘स्वॅम्प थिंग’च्या ८८व्या अंकात नायक काळात मागे जात येशूपर्यंत पोचणार होता. डीसी या प्रकाशनसंस्थेने तो अंक रोखला आणि लेखक रिक व्हाइच मालिका सोडून गेले. उलट सैतान बिनधास्त चालतो. १९६८पासून मार्व्हलकडे मेफिस्टो आहे, आणि २००७मध्ये पीटर पार्करने मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी त्याच्याशी सौदा करून स्वतःचं लग्न पुसून टाकलं. संपादकांना फक्त अविवाहित नायक परत हवा होता. घडलं असं की मुलांचा सर्वांत लाडका वीर सैतानाशी करार करून बसला, आणि त्याचं प्रायश्चित्त कुठेच नाही.

आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. २०१८च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशातली जबारी जमात हनुमानाचा जयजयकार करते. भारतात सेन्सॉरने तो शब्द मूक केला. लेखकांनी वानरदेवता शोधताना एका जिवंत श्रद्धेचं नाव उचललं होतं. पूजा होते आहे असा देव आणि संग्रहालयात गेलेला देव यांतला फरक तिथे राहून गेला.

आयर्न मॅन कोणत्या युद्धात जखमी झाला? वेगवेगळी उत्तरं मिळतात.
— वाचक, नाशिक

सगळी बरोबर आहेत. मार्च १९६३च्या पहिल्या कथेत व्हिएतनाम. पात्र म्हातारं होऊ नये म्हणून पुढे प्रसंग सरकवत २००५मध्ये तो अफगाणिस्तानात नेला. २०१९मध्ये मार्व्हलने सिआनकाँग हा काल्पनिक आशियाई देश पुढे आणून सगळ्यांच्या जखमा तिथे वळत्या केल्या. वयाची अडचण मिटली. पण शस्त्रास्त्रं बनवणारा उद्योगपती आपल्याच मालाने जखमी होतो या कथेतला खरा देश, खरे मेलेले लोक आणि खरं सरकार त्यासोबत गळून गेलं.

जुन्या कॉमिक्समध्ये पोलीस आणि सरकार कायम चांगलेच का?
— वाचक, सोलापूर

कारण तसा लेखी नियम होता. ऑक्टोबर १९५४मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी सरकारी बंदीच्या धास्तीने स्वतःच आचारसंहिता केली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं चित्रण नको. प्रत्येक वेळी सत्प्रवृत्तीच जिंकली पाहिजे. कोणत्याही धर्माची वा वंशाची टिंगल नको. शेवटचं कलम वाचायला उत्तम. पण १९५६मध्ये ईसी कॉमिक्सच्या एका विज्ञानकथेत यंत्रमानवांच्या ग्रहावर केशरी आणि निळे असा भेद पाहून निरीक्षक त्यांना नापास करतो आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो, कपाळावर घामाचे थेंब चमकत असतात. संहितेच्या तपासनिसाने तो माणूस बदलायला सांगितला. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी नकार दिला आणि कथा जशीच्या तशी छापली.

१९७१मध्ये संहिता सैल झाली. अपवाद म्हणून आणि शिक्षा होत असेल तर भ्रष्ट अधिकारी दाखवायला मुभा मिळाली. १९७४मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं वॉटरगेट प्रकरण गाजत असताना कॅप्टन अमेरिका एका कटाच्या सूत्रधाराचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. चेहरा दाखवलेला नाही, पण वाचकाला सांगावं लागलं नाही. संहिता जानेवारी २०११पर्यंत कशीबशी टिकली.

आम्ही सहा जण मिळून कोल्हापूर परिसरातल्या मराठी सुपरहिरोचं २४ पानांचं कॉमिक करतो आहोत. नकळत चुकीचा अर्थ जाऊ नये म्हणून काय तपासावं?
— विद्यार्थी, कोल्हापूर

शाई लावण्याआधी तपासा. कच्च्या रेखाटनात चौकट बदलायला पाच मिनिटं लागतात, शाई आणि अक्षरं झाल्यावर अख्खं पान पुन्हा करावं लागतं.

पहिलं, शक्ती आकड्यांत लिहा. किती किलो उचलतो, ताशी किती किलोमीटर, किती वेळ, आणि नंतर काय भोगतो. ताशी ६० किलोमीटर उडणारा नायक कोल्हापूरहून सांगलीला तासाभरात पोचतो, आणि दिल्लीत तो का गेला नाही असं कुणी विचारत नाही. ‘अमर्याद’ लिहिलंत की जगातल्या प्रत्येक न थांबवलेल्या दुःखाचा जाब त्याला द्यावा लागेल.

दुसरं, तुमच्या भागातले दहा खरे प्रश्न एका कागदावर मांडा आणि नायकाच्या शक्तीने सुटतील त्यांवर खूण करा. ऑगस्ट २०१९चा महापूर घ्या. तुमच्या जगात तो आला होता का? नायक असूनही आला असेल तर का? त्याने अलमट्टीचे दरवाजे उचलले म्हणाल तर धरण कर्नाटकात आहे. पाणी खाली कुणाच्या शेतात गेलं ते दाखवावं लागेल, आणि तो दोन राज्यांच्या वादातला पक्षकार होईल. हे टाळू नका, उलट यातच कथा आहे. पण ते तुम्ही ठरवून केलेलं असावं.

तिसरं, शक्ती कुठून आली? जन्माने आली तर घराणं आणि जात मागोमाग येते. देवाच्या वराने आली तर धर्म येतो, पैशाने आली तर वर्ग येतो. अपघात सर्वांत मोकळा, पण मग ‘यालाच का’ हे नायकाने स्वतःशी झगडून शोधावं लागतं. दोन उगम एकत्र करू नका. नवशिक्यांच्या कथांत वराने मिळालेली शक्ती आणि वर शास्त्रीय खुलासा अशी खिचडी होते, आणि वाचक विज्ञानच आपल्या पुराणात होतं असा अर्थ काढून मोकळा होतो.

चौथं, खलनायकांची यादी करा: आडनाव, बोली, कपडे, वस्ती, कातडीचा रंग. गुंड सगळे झोपडपट्टीतले आणि मालक एकही नाही, किंवा वाईट माणूस नेहमी काळा आणि जाड, असं निघालं तर ते चित्रकाराच्या सवयीतून आलेलं आहे. आडनावांची अदलाबदल करून पान पुन्हा वाचा. कुठे वाचताना अडखळलात ते टिपून ठेवा.

पाचवं, पकडल्यानंतर काय? चोराला खांबाला बांधून उडून जाणं ही अमेरिकी चौकट. आपल्याकडे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर सामान्य माणूसही अटक करू शकतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०प्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवावं लागतं. बांधून ठेवणं म्हणजे सोपवणं नाही. मुखवटा घातलेला साक्षीदार न्यायालयात काय सांगणार, हा प्रश्न एका पानात जरी आणलात तरी नायक कायद्याच्या वर आहे की कायद्यासोबत, हे स्पष्ट होतं.

सहावं, देव. पूजेतला देव पात्र म्हणून आणू नका. आणायचाच असेल तर भक्ताच्या श्रद्धेतून दाखवा. जोतिबाच्या यात्रेतली सासनकाठी आणि गुलाल दाखवा, जोतिबाला संवाद देऊ नका.

शेवटी कच्ची २४ पानं तीन वेगळ्या वाचकांना द्या. एक तुमच्या जातीधर्माबाहेरचा, एक कॉमिक्स न वाचणारा, आणि एक बारा वर्षांच्या आतला. कथा समजावून सांगू नका. एकच विचारा: या गावात सगळ्यांनी कुणाला घाबरावं असं तुला वाटतं? तिघांची उत्तरं शब्दशः लिहून घ्या आणि ज्या पानावर बोट ठेवतील ते पान आधी दुरुस्त करा.